वेस्टर्न सिनेमांचं संगीत: प्रत्येकी एकच धून सांगा (आणि माझी हरवलेली शोधून द्या)

बाजू_ब

मंडळी, माझ्याकडे मामांची एक कॅसेट आहे. वर बॉलपेनने फक्त 'वेस्टर्न' लिहिलंय. ती भरायची त्यांची पद्धत अशी, की टीव्हीवर सिनेमा लागला की टेपरेकॉर्डर स्पीकरला टेकवायचा आणि घरातल्या सगळ्यांना गप्प बसवायचं. त्यामुळे मधेमधे खोकला आहे, एकदा भांडं पडलंय, आणि एका ठिकाणी खुद्द मामांचं 'श्श्श!' आहे. लहानपणी मी ही कॅसेट इतकी ऐकलीय, की पुढे मूळ ध्वनिमुद्रण मिळालं तेव्हा त्या 'श्श्श'शिवाय ते मला अपुरं वाटलं.

एकूण सहा तुकडे आहेत. पाच कुठले ते शोधून काढलं. सहावा आजवर सापडला नाही. वर्णन करतो:

सुरुवातीला खेळण्यातल्या पेटीसारखी किणकिण. तीच छोटी ओळ पुन्हा पुन्हा. मग ध्यानीमनी नसताना चर्चमधला ऑर्गन अंगावर येतो. त्यानंतर ट्रम्पेटसारखं काहीतरी. मग सगळं ओसरतं आणि परत किणकिण. शेवटी ती मंदावत जाते, कारण तिथे टेप ओढली गेलीय (पेन्सिल घालून ते रीळ किती वेळा घट्ट केलं असेल, गणती नाही). मग 'ठप्', म्हणजे मामांनी बटण दाबलं. संपलं.

मोबाइलला ऐकवून पाहिलं. तो म्हणतो, पुन्हा प्रयत्न करा. मामा छातीठोकपणे सांगतात की हे 'द मॅग्निफिसंट सेव्हन'मधलं आहे. मी तो सिनेमा तीनदा पाहिला. नाहीये.

तर कुणाला ओळखता आलं तर सांगा. आणि फुकट काम नको म्हणून धाग्याला दुसरा विषय: तुमच्या आवडीची एकच धून सांगा, आणि ती का, ते सांगा. कृपया 'माझ्या टॉप टेन' नको.

चकवा

वेस्टर्न म्हणजे घोडे-पिस्तुलंवाले, की पाश्चात्त्य म्हणजे सगळेच इंग्रजी सिनेमे? हद्द आत्ताच आखा, नाहीतर शंभराव्या प्रतिसादाला भांडण यावरूनच होणार.

बाजू_ब

मामांच्या लेखी दोन्ही एकच. त्या कॅसेटवर घोडे आहेत तसा 'डॉक्टर झिवागो'ही आहे, बालालाइका या रशियन तंतुवाद्यासकट. सगळं चालेल.

शिट्टीवाला

माझी निवड वाचून लोक म्हणतील यात काय नवीन, पण म्हणू देत. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली', १९६६, एन्निओ मोरिकोने. ती दोन सुरांची हाळी कोल्ह्यासारख्या कायोटीच्या ओरडण्यावरून घेतलेली आहे, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. मला त्यातली दुसरी गंमत जास्त आवडते. सिनेमात तीन माणसं आहेत आणि तिघांना तीच ओळ दिलीय, फक्त वाद्य बदललंय. चांगल्याला बासरी, वाईटाला ओकारिना, आणि कुरूपाला माणसाचा गळा. म्हणजे पडद्यावर कोण येणार ते कान आधी सांगतो. आणि तिघं मुळात एकाच मातीचे आहेत हेही त्यात आलं. संवादात हे कुणी बोलून दाखवत नाही.

शेवटाकडे तो टुको (म्हणजे 'कुरूप') कबरस्तानात पळत सुटतो, तिथला तुकडा वेगळाच. एद्दा देल्लोर्सो नावाची गायिका आहे, शब्द एकही नाही, नुसता आवाज. त्या दृश्यात घडतं काय? एक माणूस गोल गोल पळतोय. एवढंच. आवाज बंद करून बघा, हसू येईल. आवाज लावा, हातापायाला मुंग्या येतात. मेटॅलिका हा रॉक बँड; ते १९८३पासून आपले कार्यक्रम याच तुकड्याने सुरू करतात ते उगाच नाही.

एकओळी

ओकारिना म्हणजे काय?

शिट्टीवाला

मातीचं, अंड्याच्या आकाराचं, भोकं पाडलेलं फुंकवाद्य. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर जसा पोकळ आवाज येतो, त्या जातीचा.

अर्धमात्रा

शिट्टीवाला, प्रतिसाद आवडला. पण एक बारीक दुरुस्ती नाही केली तर मला झोप लागत नाही. अनेकांच्या डोक्यात जी 'गुड बॅड अग्ली' असते ती मोरिकोनेंनी वाजवून घेतलेली नसतेच. ह्यूगो मॉन्टेनेग्रोने ती धून आपल्या वाद्यवृंदावर पुन्हा केली आणि १९६८ साली ती अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. बऱ्याच संकलनांत तीच असते. तेव्हा आपण कुठली ऐकत मोठे झालो ते प्रत्येकाने एकदा तपासावं.

शिट्टीचं श्रेय कुणी देत नाही म्हणून तेही लिहितो. आलेसांद्रो आलेसांद्रोनी. 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स'मधली (१९६४) ती एकाकी शिट्टी त्यांची, गिटारही त्यांचीच. त्या सिनेमाच्या श्रेयनामावलीत दिग्दर्शक लिओनेंचं नाव 'बॉब रॉबर्टसन' आणि मोरिकोनेंचं 'डॅन साव्हिओ' असं होतं, सिनेमा अमेरिकन वाटावा म्हणून. दोघं रोमचे. प्राथमिक शाळेत एका वर्गात होते.

पिपाणी

किणकिण म्हणजे सेलेस्टा असणार, पियानोसारखं दिसणारं पण घंट्यांसारखं किणकिणणारं वाद्य. 'हॅरी पॉटर'ची सुरुवातीची धून ऐकून पाहा, जॉन विल्यम्सची.

बाजू_ब

पिपाणी, हॅरी पॉटरचा पहिला सिनेमा २००१चा. ही कॅसेट ऐंशीच्या दशकातली आहे.

ग्रहण

ऑर्गन म्हटल्यावर मला एकच आठवतं, 'इंटरस्टेलर'. हान्स झिमर. दिग्दर्शक नोलनने त्यांना सिनेमाचा विषय न सांगता एक पानभर मजकूर दिला होता, बाप आणि मूल यांच्याबद्दल. अवकाशाचं नावही नाही. झिमरने त्यावर जे लिहिलं त्यातून पुढे सगळं संगीत फुटलं. ऑर्गन लंडनच्या टेम्पल चर्चमधला आहे, वाजवणारे रॉजर सेयर. अवकाशात जाणाऱ्या माणसासाठी सिंथेसायझर घ्यायचा सोडून चर्चचा ऑर्गन का, असा प्रश्न मला पडला होता. पण ऑर्गन म्हणजे तरी काय, हवेवर चालणारं अवाढव्य यंत्र. हवा संपली की आवाज संपला. अवकाशवीराचंही तेच.

माझी एक धून हीच.

चकवा

ग्रहण, सिनेमा २०१४चा. मामा फारच काळाच्या पुढे होते म्हणायचे.

ग्रहण

त्या सिनेमात तेच तर दाखवलंय. पुस्तकांच्या कपाटामागून टेप भरली असेल.

एकओळी

हहपुवा (हसून हसून पुरेवाट)

काथ्या

विरोधी सूर लावतो, कारण कुणीतरी लावायलाच हवा. मला सिनेमाचं पार्श्वसंगीत वेगळं काढून ऐकायची कल्पनाच पटत नाही. गिलावा भिंतीवर शोभतो. खरवडून परातीत घेतला तर त्याचं काय करायचं? कुठलाही साउंडट्रॅक घ्या, दोन चांगल्या धुना आणि उरलेला तास नुसतं 'कोणीतरी जिना चढतंय' छाप व्हायोलिन. 'सायको'मधल्या त्या न्हाणीघराच्या प्रसंगाचं संगीत घरी बसून कोण ऐकतं? व्हायोलिनवर किंचाळ्या आहेत त्या. तुम्ही ऐकता ते संगीत नसतं, सिनेमाची आठवण असते.

अर्धमात्रा

काथ्या, उदाहरण चुकीचं निवडलंत. हिचकॉकला तो प्रसंग संगीताशिवाय हवा होता. बर्नार्ड हर्मनने तरीही लिहिलं, ऐकवलं, आणि हिचकॉकने मत बदललं. आणि सबंध सिनेमाभर फक्त तंतुवाद्यं, एक पिपाणी नाही की एक ढोल नाही (वरच्या आयडीने राग मानू नये). म्हणजे तुमच्या त्या घरात गिलाव्यानेच भिंत उभी धरलीय.

पिपाणी

राग नाही, पण नोंद घेतली आहे.

शिट्टीवाला

यात भर. 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'चं (१९६८) संगीत चित्रीकरणाआधी तयार होतं आणि सेटवर ते वाजवून नटांना त्यावर चालायला लावत. नायिका जिल गाडीतून उतरते आणि कॅमेरा स्टेशनच्या छपरावरून वर उचलला जातो, तो सूर चढतो म्हणून. इथे भिंत कुठली आणि गिलावा कुठला, सांगा.

काथ्या

त्याच सिनेमाची सुरुवात आठवा मग. तिघं बंदूकवाले स्टेशनवर गाडीची वाट बघतात. दहा मिनिटांच्या आसपास संगीत नाही. पवनचक्कीचं कुरकुरणं, टोपीवर टपटपणारं पाणी, आणि ती माशी. सगळ्यात भारी भाग तोच. 'नो कंट्री फॉर ओल्ड मेन'मध्येही संगीत जवळजवळ नाही, आणि श्वास घेववत नाही.

शिट्टीवाला

पवनचक्कीचं कुरकुरणं सुरात आहे हो. नीट ऐका.

काथ्या

तुम्हाला दाराची कडीसुद्धा सुरात वाटत असेल.

शिट्टीवाला

आमच्या दाराची आहे. काळी चार.

तिसरी_घंटा

बाजू_ब, किणकिण म्हणजे घड्याळाची असू शकेल का? मग 'हाय नून' बघा (१९५२). त्यात घड्याळंच घड्याळं आहेत, कारण गोष्ट साधारण पडद्यावरच्या वेळेतच घडते आणि बाराची गाडी यायची आहे. संगीत दिमित्री टिओमकिन. सुरुवातीपासून एक गाणं मागे लागल्यासारखं येत राहतं, टेक्स रिटरच्या आवाजात. गाणं आणि पार्श्वसंगीत, दोन्हींना ऑस्कर मिळालं.

माझी निवडही तीच, पण गाण्यासाठी नव्हे. मार्शल, म्हणजे गावचा पोलीस अधिकारी, मदत मागत दारोदार हिंडतो आणि प्रत्येक दार बंद होतं, तेव्हा तेच गाणं शब्दांशिवाय, थकल्यासारखं वाजतं. मी नोकरी सोडली त्या महिन्यात ते माझ्या डोक्यात सतत चालू असायचं. पाठिंबा आहे म्हणणारे सगळे होते, सही करायला कुणी नव्हतं. त्यावर अधिक लिहीत नाही, धागा संगीताचा आहे.

एक मात्र मला नेहमी गमतीचं वाटतं. ज्याला आपण अस्सल अमेरिकन माळरानाचा आवाज समजतो, तो बनवला कुणी? टिओमकिन जन्मले आजच्या युक्रेनमध्ये. 'बिली द किड' आणि 'रोडिओ' या बॅलेंमधून त्या मोकळ्या, ऐसपैस सुरावटी रूढ करणारे आरन कोपलंड ब्रुकलिनचे, स्थलांतरित ज्यू घरातले. आणि पुढे सगळं उलटंपालटं केलं ते एका रोमकराने, ज्याने इंग्रजी कधी धड शिकून घेतलं नाही. घोड्यावर बसलेला एकही नाही यात.

बाजू_ब

तिसरी_घंटा, प्रतिसाद फार आवडला. 'हाय नून' माझ्या पाच ओळखलेल्यांपैकी एक आहे, तेव्हा तो नव्हे. पण घड्याळ... थांबा, विचार करू द्या.

रानवारा

मोकळ्या सुरावटीबद्दल थोडं. त्यात मधला गंधार गाळलेला असतो, नुसता षड्ज आणि पंचम. कोमल गंधार लावला तर उदास, शुद्ध लावला तर प्रसन्न. दोन्ही नाही लावला तर कान दोहोंच्या मधे उभा राहतो आणि समोर नुसतं मैदान दिसतं. तंबोऱ्यावर वाढलेल्या आपल्या कानाला हे लगेच पटतं.

आणि मोरिकोनेंच्या वाद्यमेळात मोरचंग (दातांशी धरून बोटाने छेडायचं छोटं वाद्य) आहे हे कुणी लिहिलं नाही? टँव टँव टँव. लिओनेच्या सिनेमात पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी उठून बसलो होतो.

एकओळी

'शोले'चा माउथ ऑर्गन आठवला. १९७५. तोही याच घराण्यातला.

चकवा

आला! मी खुर्ची टाकून वाटच बघत होतो. आता इथून दोनशे प्रतिसाद 'कुणी कुणाची चोरली' यावर.

अर्धमात्रा

चकवा, तसं काढायचं तर मग मुळापर्यंत जाऊ. 'मॅग्निफिसंट सेव्हन' (१९६०) जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या 'सेव्हन समुराई'वरून, 'फिस्टफुल ऑफ डॉलर्स' त्याच्याच 'योजिंबो'वरून. तिकडचे तलवारवाले इकडे येऊन पिस्तूलवाले झाले, मग आणखी पूर्वेला गेले. चाली प्रवास करतात. संगीतकार नीनो रोटाचं तर स्वतःचंच स्वतःशी भांडण झालं. 'गॉडफादर'च्या संगीताचं ऑस्कर नामांकन काढून घेतलं, कारण त्यातली प्रेमाची धून त्यांनी स्वतः आधी १९५८च्या एका इटालियन सिनेमात वापरलेली होती. दोन वर्षांनी 'गॉडफादर'च्या दुसऱ्या भागात तीच धून पुन्हा आली आणि त्या संगीताला ऑस्कर दिलं.

काथ्या

म्हणजे एकदा चोरली तर गुन्हा, दोनदा चोरली तर परंपरा.

पायरी_चुकली

सगळे कुठली धून ते सांगताय, पण ती दुसऱ्याला ऐकवायची कशी, यावर कुणी बोलत नाही. माझा त्यात हातखंडा आहे, म्हणजे अपयशाचा. नवऱ्याला समोर बसवून 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'मधली जिलची धून लावली. दीड मिनिटाने म्हणाला, "सुरू कधी होणार?" बहिणीला व्हँगेलिसचं 'ब्लेड रनर' ऐकवलं, ती म्हणाली लिफ्टमध्ये बसल्यासारखं वाटतंय.

नंतर लक्षात आलं की चूक माझीच. मी धून लावते आणि समोरच्याचा चेहरा बघत बसते. आता भिडेल, आता डोळ्यात पाणी येईल. तो बिचारा ऐकायचं सोडून माझ्यासाठी चेहरा तयार करत बसतो. आता मी काहीच सांगत नाही. दुसरं काम करताना हळू आवाजात लावून ठेवते, आणि तीनचार दिवसांनी तोच माणूस भाजी निवडताना ती गुणगुणत असतो. "कुठली ही?" विचारलं की खांदे उडवतो. मी जिंकले.

तिसरी_घंटा

तो चेहरा तयार करण्याचा भाग अगदी खरा. मी त्या दुसऱ्या खुर्चीत पुष्कळदा बसलेय.

ग्रहण

'ब्लेड रनर'वरून आठवलं. सिनेमा १९८२चा, पण व्हँगेलिसचं मूळ संगीत अधिकृतपणे बाजारात आलं थेट १९९४ला. मधली बारा वर्षं लोक एका वाद्यवृंदाने पुन्हा वाजवलेल्या प्रतीवर भागवत होते, किंवा चोरून भरलेल्या टेपा एकमेकांना देत होते. बाजू_ब यांच्या मामांची जमात जगभर होती तर.

बाजू_ब

मामांना हे वाचून दाखवलं. खूश आहेत. 'चोरून' शब्दाला हरकत आहे, बाकी मान्य.

रानवारा

नियम मोडून दुसरी सांगतो, पण छोटी. जिम जारमुशचा 'डेड मॅन' (१९९५). नील यंगने सिनेमा समोर लावून, बघत बघत, बहुतेक एकट्या इलेक्ट्रिक गिटारवर वाजवलं. तार मधेच तुटेल असं वाटत राहतं. ज्यांना लिहून काढलेलं, आखीव संगीत नको वाटतं त्यांच्यासाठी.

अर्धमात्रा

बाजू_ब, मूळ प्रश्नाकडे वळू या, फार भरकटलो. तो ऑर्गन नेमकं वाजवतो काय? भयपटात वाड्याचं दार उघडलं की एक ओळ कोसळते, वरून खाली, ती आहे का?

बाजू_ब

हो!! अगदी तीच! मला वाटायचं की तशी फक्त भासतेय.

अर्धमात्रा

मग ती जर्मन संगीतकार बाखची. 'टोकाटा अँड फ्यूग इन डी मायनर' ही ऑर्गनची रचना. आता शोध अवघड झाला, कारण ती शेकडो ठिकाणी वापरलीय. १९३१च्या 'डॉक्टर जेकिल अँड मिस्टर हाइड'ची सुरुवातच तिने होते.

पिपाणी

'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी'! १९५४चा. कॅप्टन निमो पाणबुडीत बसून तेच वाजवतो. मामांची 'वेस्टर्न'ची व्याख्या बघता पाणबुडीही बसेल त्यात.

बाजू_ब

पिपाणी, लगेच बघितला तो प्रसंग. ऑर्गन आहे, किणकिण नाही. ट्रम्पेटही नाही.

वाचनमात्र

नमस्कार. बरीच वर्षं फक्त वाचतोय, हा पहिलाच प्रतिसाद.

'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर', १९६५, लिओने आणि मोरिकोने. तुमची किणकिण खेळण्यातली पेटी नाही, खिशातलं घड्याळ आहे. एल इंडिओ नावाचा दरोडेखोर (जान मारिया व्होलोन्ते) समोरच्याला मारण्याआधी ते घड्याळ उघडतो आणि सांगतो, की सूर थांबला की पिस्तूल उचल. ऑर्गन कशाला, तर हा प्रसंग एका पडक्या चर्चमध्ये घडतो. दरोडेखोरांचा अड्डा तिथेच आहे. म्हणून घड्याळाच्या किणकिणीत बाख घुसतो.

सिनेमाभर ते घड्याळ पुन्हा पुन्हा येतं. पहिल्यांदा नुसता खेळ वाटतो. मग ते कुणाचं होतं, त्याच्याकडे कसं आलं, हे थोडं थोडं कळत जातं. आणि शेवटच्या द्वंद्वात सूर संपतो, आता गोळी सुटणार, तेवढ्यात दुसरीकडून तीच किणकिण सुरू होते. कारण तसं घड्याळ आणखी एक आहे.

चकवा

अहो, शेवट फोडलात की!

वाचनमात्र

१९६५चा सिनेमा आहे. आणि कुणाचं घड्याळ ते नाही सांगितलं.

चकवा

तेवढं तरी राखलंत. बघतो आज रात्री.

शिट्टीवाला

कपाळावर हात मारून घेतला. मी मोरिकोने मोरिकोने करत सगळा धागाभर नाचलो आणि हे सुचलं नाही! सहसा लोक ते घड्याळ फक्त शेवटच्या द्वंद्वासाठी लक्षात ठेवतात, ऑर्गन विसरतात. वाचनमात्र, टोपी काढली. आणि काथ्या, तुमच्या गिलाव्याचं काय झालं? इथे तर संगीत पात्रांच्या खिशात आहे. त्यांना ते ऐकू येतंय, त्यावर ते मरताहेत.

काथ्या

माझंच म्हणणं सिद्ध झालं की! सिनेमा काढून घ्या, मग ती नुसती किणकिण. घड्याळ आहे हे कळल्यावर तिला अर्थ आला.

तिसरी_घंटा

पण बाजू_ब यांनी अर्थ नसताना ती आयुष्यभर जपली ना.

काथ्या

यावर उद्या उत्तर देतो.

बाजू_ब

आत्ता तो प्रसंग पाहिला. हेडफोन लावून, मामांची कॅसेट शेजारी ठेवून.

तोच आहे. किणकिण, ऑर्गन, सगळं जागच्या जागी. 'श्श्श' कुठे यायला हवा तेही कळलं, त्या माणसाच्या चेहऱ्यावरचा घाम दिसतो तिथे. आणि ती किणकिण शेवटी मंदावते ना, ती टेप ओढली जात नाहीये. घड्याळाची चावी संपत येते म्हणून सूर मंदावतो. सिनेमातच तसा आहे. माझी कॅसेट इतकी वर्षं अगदी ठणठणीत होती, आणि मी पेन्सिल घालून ती दुरुस्त करत बसलो होतो.

दुसरं, ते 'ठप्'. ते मामांनी बटण दाबल्याचं नाही. ती गोळी आहे. सूर थांबतो आणि तो गोळी झाडतो. मामांनी बटण त्याच्यानंतर दाबलंय. म्हणजे लहानपणी रोज झोपताना मी एक खून ऐकत होतो, आणि त्यानंतर मला शांत झोप लागायची.

वाचनमात्र, आभार कसे मानू कळत नाही.

पायरी_चुकली

अंगावर काटा आला. मामांना ऐकवलंत का?

वाचनमात्र

आभार कसले. तेवढं ते ध्वनिमुद्रण 'श्श्श'सकट कधीतरी ऐकायला आवडेल.

बाजू_ब

आत्ताच मामांना फोन लावला, प्रसंग पूर्ण ऐकवला. गोळी झाल्यावर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बघ, मी काय सांगत होतो? मॅग्निफिसंट सेव्हन."